डावीकडे न पिणारं बाळ: मनगटाच्या तक्रारीपासून सुरू झालेलं एक प्रकरण

केसपेपरवर तक्रार एका ओळीत होती: उजवा अंगठा आणि मनगट दुखतं, तीन आठवडे. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी स्प्लिंट (सांधा स्थिर ठेवणारा आधार) आणि व्यायामासाठी माझ्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, पाठवलं होतं. आई २९ वर्षांची, पहिलटकरीण. बाळ ३५ दिवसांचं, मुलगा. त्याला बरोबर आणलं होतं, कारण दर दोन तासांनी त्याला पाजावं लागायचं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मनगटाची तपासणी पाच मिनिटांत उरकली. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवलं, तशी ती कळवळली. अंगठ्याच्या मुळाशी थोडी सूज होती आणि तिथे बोट टेकवलं तरी दुखत होतं. अंगठा बाहेर नेणारी आणि सरळ करणारी अशा दोन कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. तिथे सतत घर्षण झालं की बोगद्याचं आवरण जाड होतं आणि प्रत्येक हालचाल टोचायला लागते. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव या आजाराला मिळालं. तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये हे इतक्यांदा दिसतं की निदानाला फारशी हुशारी लागत नाही. स्प्लिंट द्यायची, बाळ उचलायची पद्धत बदलायची आणि दोन आठवड्यांनी बोलवायचं. मीही तेच करणार होते.

सहज विचारलं, "बाळाला तर दोन्ही हातांनी उचलता, मग दुखणं एकाच हाताला कसं?"

"मॅडम, डावीकडे पाजताना याचं डोकं उजव्या हाताने दाबून धरावं लागतं. हात सैल केला की हा सोडून देतो."

पुढचं सगळं प्रकरण या दोन वाक्यांत होतं.

मागची हकिगत

प्रसूती लांबली होती आणि शेवटी व्हॅक्यूम लावून बाळ काढलं होतं. जन्माचं वजन ३१०० ग्रॅम. उजवीकडे बाळ दुसऱ्या दिवसापासून व्यवस्थित पीत होतं. डावीकडे मात्र पहिल्या आठवड्यापासून रोज भांडण. तिला तीन ठिकाणी तीन कारणं ऐकायला मिळाली होती: डावीकडे दूधच कमी आहे, डावं स्तनाग्र सपाट आहे, आणि बाळाला एक बाजू आवडते, सवय झाली की घेईल. पहिली दोन कारणं तिच्या शरीरावर दोष टाकणारी, तिसरं बाळाच्या स्वभावावर. त्याची मान कुणी पाहिली नव्हती.

डावी बाजू ती पंपाने काढायची, तेही दर दोन तासांनी, "रिकामी झालीच पाहिजे" या भीतीने. दोनदा तिथे गाठी झाल्या होत्या आणि तिने त्या जोर लावून चोळल्या होत्या. स्तनाग्राला एक भेग होती. ताप आला नव्हता.

वजनाची वही बोलकी होती. चौदाव्या दिवशी बाळ परत जन्माच्या वजनावर, ३१०० वर आलं. पस्तिसाव्या दिवशी ३५००. म्हणजे २१ दिवसांत ४०० ग्रॅम, रोजचे जेमतेम १९. या वयात साधारण २० ते ३० ग्रॅम अपेक्षित असतात. घाबरण्यासारखं नाही, निश्चिंत राहण्यासारखंही नाही. घरात वरच्या दुधाचा विषय निघाला होता.

पाजताना पाहिलं ते

ही तपासणी टेबलावर होत नाही. बाळ भुकेलं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि ओपीडीच्या गर्दीत तेच सगळ्यात अवघड जातं. त्या दिवशी मी पुढची अपॉइंटमेंट पुढे ढकलली.

आधी उजवी बाजू. नेहमीसारखं मांडीवर आडवं घेतलं, डोकं उजव्या कोपराच्या खळग्यात. मिनिटभरात पकड आली. हनुवटी स्तनात रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, गाल भरलेले. सुरुवातीला भराभर चोखणं, मग पान्हा फुटला तसे लांब, खोल ओढे आणि प्रत्येक एक-दोन ओढ्यांमागे गिळल्याचा हलका आवाज. चोखणं, गिळणं आणि श्वास यांची लय बसलेली. बारा मिनिटांत बाळाच्या मुठी सैल झाल्या.

मग डावी बाजू. तिने बाळ फिरवलं, उजव्या हातावर घेतलं, तळवा त्याच्या डोक्यामागे. मी बाळाकडे पाहायच्या आधी तिच्याकडे पाहिलं: दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेले, पाठ पुढे वाकलेली, अंगठा ताणलेला, मनगट मुडपलेलं. बाळाने तोंड उघडलं, पकडलं, दोन ओढे घेतले आणि पाठीची कमान करून डोकं मागे, त्याच्या डावीकडे फेकलं. भोकाड. तिने पुन्हा डोकं पुढे आणलं, पुन्हा तेच. चौथ्या वेळी फक्त टोक तोंडात गेलं. गालांना खळ्या पडत होत्या, जीभ सुटल्याचा टक-टक आवाज येत होता आणि तिने दातांतून श्वास आत ओढला. स्तनपान मोजायची लॅच नावाची गुणपद्धती १९९४ पासून वापरात आहे. पाच मुद्दे, प्रत्येकी शून्य ते दोन गुण. उजवीकडे दहापैकी ९ झाले, डावीकडे ४.

नंतर ते तिच्या मांडीवर उताणं पडलं, तेव्हा दिसलं. उजवा कान उजव्या खांद्याकडे किंचित झुकलेला, हनुवटी डावीकडे. डोक्याच्या मागे डाव्या बाजूला हात फिरवला तर तिथे सपाटी. "फोनमधले फोटो दाखवा बरं, याचे पाठीवर झोपलेले." सेल्फी वगळायला सांगितलं, त्यात बऱ्याचदा डावं-उजवं उलटं होतं. तिने बोटाने एकेक सरकवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यापासूनचे फोटो होते आणि जवळजवळ प्रत्येकात तोंड डावीकडे. सहा-सात फोटो सरकल्यावर ती स्वतःच थांबली.

मान

बाळाच्या मानेच्या उजव्या बाजूचा स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड, म्हणजे कानामागच्या हाडापासून छातीच्या हाडापर्यंत आणि गळपट्टीच्या हाडापर्यंत तिरका उतरणारा स्नायू, बोटाला ताठ लागत होता. हा स्नायू आखडला की डोकं त्याच बाजूला झुकतं आणि चेहरा विरुद्ध बाजूला वळतो. हळूच वळवून मोजलं: डावीकडे १०५ अंश, उजवीकडे ८०. तान्ह्या बाळाची मान मोठ्यांपेक्षा बरीच जास्त वळते, सरासरी ११० अंशांच्या आसपास, त्यामुळे ८० हा आकडा ऐकायला भरपूर वाटला तरी कमीच. अमेरिकेतल्या बालफिजिओथेरपिस्टांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत दोन बाजूंतला फरक १५ ते ३० अंश असेल तर तो मध्यम. इथे फरक २५ चा होता. स्नायूत गाठ नव्हती. ती साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात हाताला लागू लागते, म्हणून नीट चाचपली.

आखडलेल्या मानेचं निदान करण्याआधी बाकीच्या शक्यता बाजूला सारायच्या असतात, आणि त्यात घाई केलेली मला खपत नाही. प्रसूतीत गळपट्टीचं हाड मोडलंय का? दोन्ही हात सारखे हलतात का? डोळे दोन्हीकडे नीट फिरतात का? मणक्याच्या हाडांत जन्मजात दोष तर नाही? या बाळांमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याची शक्यताही जरा जास्त असते. त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांशी बोलले, त्यांनी खुबे आणि बाकी सगळं पाहून होकार दिला. जीभ खालून बांधलेली (टंग-टाय) नाही हे स्तनपान सल्लागारांनी तपासलं. हे सगळं होईपर्यंत मी मानेला ताण दिला नाही. कुणी हे वाचून आपल्या बाळाची मान घरी वळवायला जाऊ नये, ते याच कारणासाठी.

मग डावीकडेच का अडत होतं?

एखादी बाहुली हातात घेतली तर हे पटकन कळतं. नेहमीच्या पद्धतीने मांडीवर घेतल्यावर बाळाचं पोट आईच्या पोटाला पूर्ण चिकटलं, तर मान वळवायची गरजच नाही. पण थकलेल्या आईच्या मांडीवर बाळ थोडं उताणं होतंच. मग स्तन तोंडात घ्यायला त्याला मान वळवावी लागते. उजव्या स्तनाशी ती डावीकडे वळते, डाव्या स्तनाशी उजवीकडे. या बाळाला डावीकडे वळणं सोपं होतं आणि उजवीकडे वळलं की मानेत ओढ बसत होती.

बरं, नुसतं वळून भागत नाही, वळलेल्या मानेने गिळायचंही असतं. मान एका खांद्याकडे पूर्ण वळवून एक घोट पाणी गिळून पाहा. जमतं, पण कसंबसं. तसेच शंभर घोट, श्वास सांभाळत, भुकेल्या पोटी. बाळ हट्टी नव्हतं.

आणि इथून साखळी सुरू होत होती. बाळ डावीकडून सुटतं म्हणून आई त्याचं डोकं दाबते. डोक्यामागे दाब आला की बाळ मागे रेटा देतं, म्हणून ती आणखी दाबते. त्यात उजवं मनगट जातं. पकड उथळ राहते म्हणून स्तनाग्राला भेग पडते. दूध साचतं म्हणून पंप आणि चोळणं, त्यातून सूज, आणि सुजलेला घट्ट स्तन बाळाला पकडायला आणखी कठीण.

पहिल्या दिवशी केलं ते

व्यायाम एकही नाही. फक्त बाळ धरायची पद्धत बदलली. उजवीकडे पिऊन झाल्यावर त्याला न फिरवता, आहे तसंच आडवं डावीकडे सरकवायचं. पाय आईच्या डाव्या काखेखालून मागे जातात, डोकं स्तनासमोर येतं आणि मान त्याच्या सवयीच्या बाजूला, डावीकडेच राहते. बाळाच्या अंगाखाली उशी, म्हणजे आईला खाली वाकायला नको. स्तन बाळाकडे न्यायचा नाही, बाळ स्तनाकडे आणायचं. तिची पाठ टेकलेली, पायाखाली स्टूल. तळवा डोक्यावरून काढून खांद्याच्या पात्यांमध्ये ठेवला, मानेच्या मुळाशी फक्त बोटांचा आधार. असं धरलं की डोकं किंचित मागे झुकतं, हनुवटी आधी टेकते आणि तोंड मोठं उघडतं.

दुसऱ्या प्रयत्नात पकड आली. सात मिनिटं प्यायलं. ती काही बोलली नाही, उजव्या हाताची बोटं उघडमीट करत बसली, त्या हाताला काम नव्हतं म्हणून.

यावर एक आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे: सवयीच्या बाजूलाच पाजलं तर मान आखडलेलीच राहणार. खरं आहे. ही पद्धत मानेचा उपचार नाही. पण ३५ दिवसांच्या बाळाचं वजन रेंगाळलेलं असताना आधी पोट भरायचं आणि मानेचं काम पाजण्याच्या वेळेबाहेर करायचं, असं माझं मत आहे.

माझी चूक

दुसऱ्या भेटीत मी उत्साहात चार व्यायाम दिले, दिवसातून पाच वेळा, खुणा करायच्या तक्त्यासकट. चार दिवसांनी ती आली तेव्हा तक्ता अर्धा भरलेला होता. बाळ चटईवर ठेवताच रडायला लागायचं. एकदा पिऊन झाल्या झाल्या मान ताणली आणि सगळं दूध बाहेर आलं. तिला ते शिक्षेसारखं वाटत होतं आणि शिक्षा देणारी तीच होती. दिवसाला दहा-बारा वेळा पाजणाऱ्या बाईच्या हातात मी आणखी वीस कामं दिली होती.

तक्ता फाडला. ताण देण्याचे दोनच व्यायाम ठेवले: चेहरा हळू उजवीकडे वळवणं, आणि डोकं हळू डाव्या खांद्याकडे झुकवणं. दोन पाजण्यांच्या मध्ये, बाळ गुंगीत असताना, त्याने विरोध केला की लगेच थांबायचं. बाकी सगळं दिवसाच्या कामातच बसवलं. बाळाला घेऊन फिरताना उजव्या कुशीवर, तोंड बाहेर करून, उजव्या हातावर आडवं धरायचं, म्हणजे त्याचा कान आणि खांदा यांच्यामध्ये आपला हात येतो आणि आखडलेली बाजू आपोआप मोकळी होते. लंगोट बदलताना त्याच्या उजवीकडे उभं राहून बोलायचं. झोपवायचं नेहमी पाठीवरच, पण डोकं आणि पाय यांच्या दिशा अशा बदलायच्या की खोलीतलं हलतं-बोलतं सगळं त्याच्या उजव्या हाताला येईल. जागं असताना आईच्या किंवा बाबांच्या छातीवर पालथं, आधी दोन-तीन मिनिटं, मग वाढवत. छातीवर पालथं घेणं बाबांनी आनंदाने उचललं आणि नंतर कळलं की बहुतेक वेळा दोघंही तसेच झोपी जायचे. तसं झोपणं बाळासाठी सुरक्षित नाही, म्हणून दुसऱ्या मोठ्या माणसाने जागं राहायचं असं ठरवावं लागलं.

आईचं अंग

मनगटाला अंगठा धरून ठेवणारी स्प्लिंट दिली. बाळ उचलताना अंगठा आणि तर्जनीचा काटकोन करून काखेत धरायची सवय मोडली. आता दोन्ही हात, तळवे वर करून, खालून सरकवायचे आणि भार कोपरापर्यंतच्या हातावर घ्यायचा. पाठीसाठी खांद्याची पाती मागे ओढण्याचा एक व्यायाम दिला, तोही पाजून झाल्यावर बसल्या जागी.

गाठींबाबत मात्र जुनी शिकवण मोडून काढावी लागली. गाठ दिसली की गरम शेक, जोरात चोळणं आणि पंपाने पार रिकामं करणं, हे अनेक वर्षं सर्रास सांगितलं गेलं, माझ्याकडूनही. २०२२ साली अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या संस्थेने स्तनदाहावरची आपली शिफारस बदलली: खोल मालिश नको, गरजेपेक्षा जास्त दूध काढणं नको, त्यापेक्षा थंड शेक आणि सूज उतरवणारं औषध. चोळल्याने आतल्या नाजूक ऊतींना इजा होते आणि सूज वाढते. जास्त काढलं की शरीर आणखी बनवतं. तिला काखेच्या दिशेने, मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा इतक्याच दाबाने हात फिरवायला शिकवलं. पंप कमी करत बाळाच्या गरजेपुरता आणला. ताप, अंगदुखी किंवा पसरत जाणारी लाली दिसली तर माझ्याकडे न येता थेट डॉक्टरांकडे जायचं, हे लिहून दिलं.

उपचारासाठी वापरायचं अल्ट्रासाउंडचं मशीन (सोनोग्राफीचं नव्हे) माझ्याकडे आहे आणि गाठींसाठी ते मागणाऱ्या आया येतात. त्याच अकॅडमीच्या शिफारशीत त्याचा पर्याय म्हणून उल्लेखही आहे. पण छाती दुधाने भरून दुखण्यावर ऑस्ट्रेलियात १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चालू मशीन आणि बंद मशीन यांनी सारखाच आराम दिला होता. इथे मी ते लावलं नाही. पाच दिवसांत गाठी गेल्या, मशीन लावलं असतं तर श्रेय त्याला मिळालं असतं.

पुढे काय झालं

डावीकडचं पाजणं दोन आठवड्यांत रुळावर आलं, मात्र काखेखालच्या पद्धतीनेच. भेग भरली. ६३व्या दिवशी वजन ४४०० ग्रॅम, म्हणजे २८ दिवसांत ९००. वरच्या दुधाचा विषय बंद झाला. नवव्या आठवड्यात डावीकडे मांडीवर आडवं घेऊन पहिल्यांदा प्यायलं, अर्धवट. मनगटाचं दुखणं दहापैकी ७ वरून महिन्याभरात २ वर आलं. त्यात स्प्लिंटचा वाटा किती आणि डोकं दाबणं थांबल्याचा किती, हे सांगता येणार नाही. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

मानेला जास्त वेळ लागला. मार्गदर्शिकेत म्हटलंय की एक महिन्याच्या आत उपचार सुरू झाले तर ९८ टक्के बाळांची मान दीड महिन्यात पूर्ण वळते आणि महिन्यानंतर सुरू केले तर उपचार सहा महिन्यांपर्यंत लांबू शकतात. आम्ही पाच दिवस उशिरा होतो. फरक २५ अंशांवरून महिन्याभरात १० वर आला आणि चार महिन्यांचं होईपर्यंत जवळजवळ संपला. डोक्याची सपाटी बरीच भरली, थोडी राहिली. डावीकडे दूध उजवीपेक्षा कमीच राहिलं. पहिले पाच आठवडे त्या बाजूला नीट मागणीच नव्हती, त्याचा तो परिणाम असावा.

एकच बाजू नाकारणाऱ्या प्रत्येक बाळाची मान आखडलेली नसते. कान दुखत असतो, लसीची जागा दुखत असते, कधी आईच्या स्तनातच तपासण्यासारखं काही असतं. नीट पिणाऱ्या मोठ्या बाळाने एका दिवशी अचानक एक बाजू सोडली तर ते वेगळं प्रकरण. इथे सुरुवात पहिल्या आठवड्यापासून होती आणि फोटो साक्षीला होते.

शेवटच्या भेटीत बाळ उजवीकडे पीत होतं. माझ्यामागे दार वाजलं. आवाज कुठून आला ते पाहायला त्याने मान थेट उजवीकडे, खांद्यापर्यंत वळवली, स्तनाग्र तोंडात धरूनच. "आई गं!" ती ओरडली, आणि मी कोन मोजायचा गोनिओमीटर काढलाच नाही.